टोपी काखेत, फेटा डोक्यावर

फेटा माझ्या शेजारणीच्या डोक्यावर बसला. पुढचा फेटा माझ्यासमोर आला, थांबला, आणि मला वगळून पलीकडच्याच्या डोक्यावर गेला.

यात्रेचा दिवस होता. खाली बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट, वर स्टेज, आणि स्टेजवर आम्ही बंदोबस्तवाले ओळीनं उभे. सगळ्यात पुढं मोठे साहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे इन्स्पेक्टर. मग फौजदार, हवालदार, शिपाई, आणि शेपटाला आम्ही होमगार्ड. सगळ्यांच्या अंगावर खाकी. यात्रा कमिटीचे अध्यक्ष बबनशेठ एकेकाला मानाचा फेटा घालत होते. बांधत नव्हते, घालत होते. हल्ली तयार मिळतात, बाळाला टोपडं घालावं तसे घालायचे. साहेबांनी आपली टोपी काढली, काखेत दाबली, मान खाली केली. ते बघून फौजदारांनी टोपी काढली, काखेत दाबली, मान खाली केली. मग ओळच्या ओळ. सरकारनं दिलेली टोपी काखेत, बबनशेठनं दिलेला फेटा डोक्यावर. कुणी हुकूम दिला नव्हता. हुकूम लागतच नाही. वरच्याची मान कुठं झुकते ते खालच्यांना बरोबर दिसतं.

बबनशेठ माझ्यासमोर आले. छातीवरची नावाची पट्टी वाचली. आडनावावर नजर अडकली.

"तू मोटरवाल्या नानाची ना?"

"हो."

"मंग तुझा मान हितं न्हाई. तुमचा मान दिवटीचा. बापाला सांग, सांच्याला पालखीम्होरं हजर राहायचं."

कमिटीतला एकजण सावरून घ्यायला म्हणाला, "बायांना फेटा नसतो, ताई." माझ्या शेजारची महिला शिपाई फेटा घालून उभी होती. तिचा तुरा माझ्या कानाला टोचत होता.

ओळीच्या त्या टोकाकडून साहेब हसत म्हणाले, "अहो शेठ, ती तर घरचीच आहे. घरच्यांना कसला आलाय मान."

सगळे हसले. शेजारीणही हसली, खाली बघून. मी सावधानमध्ये उभी होते. सावधान कशासाठी शिकवतात ते मला त्या दिवशी कळलं. अपमान गिळताना हात कुठं ठेवायचे, त्याची ती कवायत आहे.

गाव जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहीत नाही. लिहिलं की बाकीची गावं हात झटकून मोकळी होतात. ठाण्याचंही नाव लिहीत नाही, त्याच कारणानं.

त्या ओळीत माझ्याशिवाय आणखी एक डोकं बिनफेट्याचं होतं आणि टोपीही जागेवर होती. आमच्या ठाण्यातले गोविंद हवालदार. चांगल्या बागायतदार घरातला माणूस, बबनशेठच्या लांबच्या नात्यातला. शेठ फेटा घेऊन पुढं झाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डोकं एकच हाय, शेठ. त्याला हाय ती टोपी बास." लोकांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मला पण तसंच वाटलं.

आता दिवटीचं सांगते. शहरातल्या माणसांना हे ऐकायला फार गोड वाटतं, म्हणून नीट सांगते. पालखीच्या पुढं तेलाची पेटती मशाल धरून चालायचं. तेल मनगटावर गळतं. धूर डोळ्यांत जातो. पालखी देवळाच्या पायऱ्या चढली की दिवटीवाल्यानं पायरीखाली थांबायचं, वर यायचं नाही. याचं नाव मान. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वस्तीनं हा मान हात भाजून घेत सांभाळला. माझ्या आज्यानं बौद्ध झाल्यावर पहिल्याच यात्रेला ती दिवटी पायरीवर आडवी ठेवली आणि घरी निघून आला. परत कुणी उचलली नाही. पुढं पालखीसमोर पेट्रोमॅक्स आली, मग जनरेटरवरचा हॅलोजन आला. देवाची काही तक्रार ऐकिवात नाही.

तक्रार बबनशेठची होती. यंदा यात्रेचं ड्रोनवरून शूटिंग करायचं ठरलेलं. सगळं कसं जुन्या परंपरेनं दिसलं पाहिजे. परंपरेत घोडा बसला, सनई-चौघडा बसला, नऊवारीतल्या बाया बसल्या. राहिलो आम्ही. वरून बघताना पालखीपुढं एक मशाल आणि मशालीखाली एक वाकलेला माणूस असला की चित्र पुरं होतं.

नानांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, हायवेच्या कडेला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची. यात्रेच्या आधी कमिटीची माणसं दुकानात आली तेव्हा नाना म्हणाले, "आमच्या बापानं खाली ठिवलीय ती. मी उचलीत न्हाई. तुमच्या ड्रोनला उजेड कमी पडत आसंल तर हॅलोजन आणून द्या, दुरुस्त करून देतो. पैसं नको."

हे बोलणं शेठच्या कानी गेलं. स्टेजवर माझ्यावरून फेटा गेला तो यामुळं. संध्याकाळी पालखी हॅलोजनच्या उजेडात निघाली. मी फेटेवाल्यांच्या मागं, बॅरिकेडजवळ, शिट्टी तोंडात घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनशेठ नानांच्या दुकानात आले. मी घरी होते. झालेलं नानांनी सांगितलं, आणि दुकानासमोरच्या रसवंतीवाल्यानंही सांगितलं. शेठ म्हणाले, "मानानं बोलिवलं तर माज आला व्हय रं?" पुढं जातीचा एक शब्द. तो मी लिहीत नाही, तो त्यांच्याच तोंडाला शोभतो. मग नानांच्या गालावर सणसणीत एक. नाना बसल्या जागेवरून कलंडले. दुरुस्तीला उघडून ठेवलेली एक मोटर शेठनं लाथेनं रस्त्यावर ढकलली. अर्धी भरलेली तार सुटून डांबरावर पसरली.

दुकानात मोटरी न्यायला आलेले चार-दोन शेतकरी उभे होते. शेठची गाडी गेल्यावर त्यातल्या एकानं घसा साफ केला आणि विचारलं, "नाना, माझी झालीया का?"

नानांनी त्याची मोटर उचलून त्याच्या गाडीवर ठेवून दिली. गालावर बोटं उमटलेली होती, तशीच.

मी नानांना घेऊन ठाण्यात गेले. जाताना मनात भीती नव्हती, हे सांगायला हवं. कारण मी स्वतःला खात्यातली समजत होते. पोलीस भरतीसाठी धावत होते, रोज पहाटे, ओतूरच्या रस्त्यानं. होमगार्डला भरतीत थोड्या जागा राखीव असतात म्हणून खाकी घातलेली. मोठ्या साहेबांनी आमच्या ट्रेनिंगमध्ये एक भाषण दिलं होतं, मूल्यांवर. ते माझं पाठ होतं. "वर्दीच्या आत माणूस असतो. माणसाच्या आत संस्कार असतात. शेवटी काम वर्दी करत नाही, संस्कार करतात." मी टाळ्या वाजवल्या होत्या. मागं राहिलेल्या पोरींनाही वाजवायला लावल्या होत्या.

साहेब खरं बोलले होते. संस्कारच काम करतात. कुणाचे, ते विचारायचं राहून गेलं.

ठाण्यात शिरलं की समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. त्या भिंतीच्या आत साहेबांची केबिन. केबिनमध्ये खुर्चीवर बबनशेठ. समोर चहा. आमच्या आधी पोहोचले होते. साहेबांच्या मागं लोखंडी कपाट, कपाटावर कालचा फेटा जपून ठेवलेला. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा तुरा हलत होता. आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही. रिकाम्या खुर्च्या होत्या.

मी सांगायला लागले. साहेबांनी हात वर केला.

"मला सगळं कळलंय. शेठनी स्वतः येऊन सांगितलं. मनाचा मोठेपणा बघ. नाना, तुम्ही कामधंद्याचा माणूस. केस करून काय मिळतं? तारखा. मी माणसं जोडणारा माणूस आहे. कायदा माणसं तोडतो."

मी म्हणाले, "साहेब, जातीवरून शिवी दिली, मारलं. या कायद्यात मिटवामिटवी नाही. आधी गुन्हा दाखल करायचा असतो."

"आता तू मला कायदा शिकवणार का?" साहेब हसले, शेठकडं बघून. "माझ्या हद्दीत एक अॅट्रॉसिटी नाही. हे मी वर मीटिंगमध्ये अभिमानानं सांगतो. का नाही? कारण मी बसवतो, बोलवतो, मिटवतो. ही माझी पद्धत आहे. माझा पूर्ण स्टाफ याच पद्धतीनं चालतो."

एक अॅट्रॉसिटी नाही. म्हणजे एक लिहिलेली नाही. ताप मोजला नाही की ताप नाही. असला हा अभिमान. आणि खरंच पूर्ण स्टाफ त्याच पद्धतीनं चालत होता. दारातल्या शिपायानं आम्हाला आधी आडनाव विचारलं होतं, मग काम. आडनाव ऐकून म्हणाला होता, "मिटवायलाच आलाय ना?" त्याला हे कुणी शिकवलं नसेल. घरात जशी भाषा मूल ऐकत ऐकत उचलतं, तसं ठाण्यात ठाण्याचं वागणं उचललं जातं. साहेब बदलला की ठाण्याची भाषा बदलते, असं म्हणतात. मी होमगार्डमध्ये आल्यापासून दोन साहेब बघितले. कपाटावरचा फेटा फक्त बदलला.

साहेबांनी मग तोडगा सांगितला. रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक. शांतता समिती, कमिटी, गावातली चार मोठी माणसं. बबनशेठ नानांना मानाचा फेटा घालतील. गळाभेट. एक फोटो. विषय संपला.

"फेटा तुला नाही मिळाला म्हणून रुसलीस ना काल?" साहेब मला म्हणाले. "तुलाही घालू. दोघांना घालू. तू तर आपलीच आहेस, खात्यातली. वडलांना समजाव."

मग टेबलावरचं पेन सरळ करत, हळू आवाजात, जणू काही लेकीची काळजी करतायत, असे म्हणाले, "उद्या भरतीत सिलेक्शन झालं की चारित्र्य पडताळणी इथूनच जाते बरं का. मला चांगलं लिहायला आवडेल."

बबनशेठनी बशीतला चहा संपवला.

बाहेर आलो. फाटकाजवळ गोविंद हवालदार समन्सच्या कागदांची पिशवी घेऊन मोटारसायकलला किक मारत होते. त्यांना कायम समन्स वाटायची ड्युटी. गावोगाव फिरायचं, लोकांची दारं वाजवायची. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला बघून त्यांनी गाडी बंद केली.

"फिर्याद घेतली?"

"नाही."

"घेनार न्हाईत." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "पोरी, अर्ज लिव. वरच्या डीवायएसपी साहेबांच्या हापिसात जाऊन दे, आन पोच घ्यायाला इसरू नको. हितं चकरा मारू नका."

मी विचारलं, "काका, तुम्ही काल फेटा का नाही घातला?"

"आगं, फेटा घालून घेतला की त्यो मानूस आपला पावना व्हतो. उद्या त्येच्याच इरुद्द कोण आलं तर? पावन्याच्या हातात बेडी घालताना हात कापतो. म्या बघितलेत कापताना. म्हनून न्हाई घालीत. पंचवीस-तीस वर्सं झाली." मग हसून पिशवीकडं बोट दाखवलं. "म्हनून ह्यी पिशवी."

मला ते आवडलं. माणूस आवडला. आणि तरी तोंडातून गेलं ते गेलंच. "काका, तुम्ही तुमचं डोकं वाचवलं. काल माझ्यावर ओळीनं हसले तेव्हा तुम्ही दोन माणसं सोडून उभे होता."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. गाडीला किक मारली आणि गेले. मी बरोबर बोलले का चूक, यावर नंतर लई विचार केला. बरोबरच बोलले.

कारण लोक मला आता सारखं हेच ऐकवतात. अगं, खात्यात चांगली माणसं पण असतात. असतात ना. मी भेटलेय. पण चांगला पोलीस भेटणं हे नशीब झालं. आणि वाईट ठाण्यात त्या नशिबाला समन्सची पिशवी देऊन गावाबाहेर पाठवतात. मला नशीब नको. मला ठाण्याचं दार कुठल्याही दिवशी, कुठल्याही आडनावानं वाजवलं तर उघडायला हवंय.

आणि साहेब? साहेबही माणूस म्हणून चांगले आहेत. सगळे सांगतात. दारू नाही, शिवी नाही. अपघातातल्या माणसाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलंय. शेठच्या आईला खाली वाकून नमस्कार करतात. खोटं नाही ते. पण त्यांच्या मनात जगाचा एक नकाशा आहे. त्यात गाव म्हणजे बबनशेठ, शांतता म्हणजे बबनशेठ खूष, आणि आम्ही म्हणजे त्या शांततेत पडलेला खडा. खडा काढायचा असतो, त्याची फिर्याद घ्यायची नसते. असा नकाशा मनात घेऊन माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आमच्या दाराशी पोहोचत नाही. त्याच्या नकाशात ते दारच नाही.

नाना दुकानात गेले, रस्त्यावरची तार गुंडाळून आले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "रविवारी जाऊन येऊ."

मी ताट सरकवलं. "नाना, फेटा घालून घेणार?"

"तुझ्या भरतीचं बघ की. त्यो कागद अडीवला तर सगळं पळलेलं वाया. माझा गाल काय, बरा व्हतो." मग भाकरी मोडत, "आन दुकान बी हाय. मोटरी त्येंच्याच इहिरीवरच्या."

आई म्हणाली, "जाऊ द्या ना. फेटाच घालतायत, दिवटी तर न्हाई देत."

आज्यानं तरुणपणी उभ्या गावासमोर जे खाली ठेवलं, ते नाना म्हातारपणी माझ्या नोकरीसाठी उचलायला निघाले होते. नुसता आकार बदललेला. तिथं हात भाजायचा, इथं मान वाकवायची. साहेबांच्या हसण्यानं मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. मी त्यांना नाही म्हणू शकले नाही. गाल त्यांचा होता. पण सोबत मी जाणार, एवढं सांगितलं.

रविवार. सभामंडप भरलेला. ज्या पायरीखाली आमच्या लोकांनी थांबायचं, त्या पायरीवरून नानांना हाताला धरून वर घेतलं. या, नाना, या. पुढं बसा. आज पायरी आडवी आली नाही. तक्रार मारून टाकायची असली की पायऱ्यासुद्धा सपाट होतात.

साहेब वर्दीत आले. आल्या आल्या टोपी काढून काखेत. बबनशेठनी आधी त्यांना फेटा घातला. सवयच ती. मग साहेबांचं भाषण, पुन्हा मूल्यं. सामंजस्य, बंधुभाव, गावाची एकी. गाव म्हणजे कुटुंब, कुटुंबात भांड्याला भांडं लागतं. मी बघत होते. भांडं एकच कसं दर वेळी पोचा पडून घेतं, याबद्दल साहेब काही बोलले नाहीत. गालाबद्दल नाही. शिवीबद्दल नाही. 'झालं गेलं' असा एक शब्द होता, त्यात सगळं गुंडाळलं.

मग ताटात दोन फेटे आले. एक नानांचा, एक माझा.

बबनशेठनी एक दोन्ही हातांत धरला. सगळ्यांनी मोबाइल वर केले. शेठ म्हणाले, "नाना, वाका जरा. हात पुरंना."

हात पुरत होता. शेठ नानांपेक्षा वीतभर उंच आहेत.

नानांची मान खाली जायला लागली.

मी उठले आणि फेटा शेठच्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही. काढून घेतला, ताट उचलावं तसा. म्हणाले, "शेठ, डोक्याला हात लावायच्या आधी एक सांगा. गालाला का लावला होता?"

कुणीतरी मागून म्हणालं, "ए पोरी, खाली बस." शेठ साहेबांकडं बघायला लागले. त्यांना कधी असं कुणी विचारलं नसावं, आणि उत्तर द्यायचं काम दुसऱ्याचं असतं, अशी सवय.

मी फेटा साहेबांच्या पुढं धरला.

"साहेब, हा मुद्देमाल. जमा करून घ्या. ज्या हातानं मारलं त्याच हातानं मिटवायला आणलाय. पंच पण इथंच बसलेत. पंचनामा करा."

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. चांगुलपणाचं कातडं किती पातळ असतं ते मी जवळून बघितलं. आवाज मात्र खालचाच. "तू काय बोलतेस कळतंय का तुला? उद्या पडताळणीला माझ्याच टेबलासमोर येशील."

"येईन. तेव्हा टोपी घालून बसा."

नाना इतका वेळ खाली बघत होते. आता सरळ उभे राहिले. माझ्याकडं बघितलंच नाही, शेठकडं बघितलं. "शेठ, गाल माझा हाय. मिटवायचं का न्हाई त्ये म्या ठरवनार. न्हाई मिटवायचं."

साहेबांनी फेटा घेतला नाही. मी तो त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या टोपीजवळ. काखेतून काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली होती, भाषणात हात हलवता यावेत म्हणून. आम्ही पायऱ्या उतरून आलो.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. वर अर्ज दिला. पोच घेतली. चकरा मारल्या. शेवटी गुन्हा दाखल झाला, त्याच ठाण्यात, वरून आलेल्या हुकमानं. लिहून घेणारा शिपाई प्रत्येक ओळीला सुस्कारा टाकत होता, जणू आम्ही त्याच्या घरचं काही चोरून नेतोय. बबनशेठ जामिनावर आहेत. यात्रा कमिटीचे अध्यक्षही आहेत. दोन्ही गोष्टी एकदम असायला गावाची काही हरकत नाही. रसवंतीवाल्याला आता काही आठवत नाही. साहेब तिथंच आहेत. गोविंद हवालदार निवृत्त झाले, निरोपाला त्यांना फेटा घालायला गेले तेव्हा त्यांनी परत टोपी दाखवली, असं ऐकलं.

गावातली गिऱ्हाइकं नानांकडं यायची थांबली. बाहेरगावची येतात. मोटर जळली की पिकाला पाणी आठवतं, जात मागाहून आठवते. मला होमगार्डच्या बंदोबस्ताचा निरोप येत नाही. विचारलं तर म्हणतात, यादी वरून येते. मैदानी परीक्षा मी पास झाले, लेखी झाली. निवड झाली तर पडताळणी त्याच टेबलावर जाणार. मला ठाऊक आहे. मी पहाटे पळणं बंद केलेलं नाही.

आम्ही काही पोरापोरींनी एक पत्रक काढलं. आळ्यापासून पेठेपर्यंतच्या गावांत वाटलं, निमगाव सावाला पारावर बसून वाचून दाखवलं. साधी मागणी: ड्युटीवरच्या वर्दीनं कुणाच्या हातून फेटा, शाल, नारळ घ्यायचा नाही. आणि फिर्याद ठाण्यात घ्यायची, देवळात मिटवायची नाही. पेठेत एका भल्या माणसानं पत्रक वाचून विचारलं, "राव, फेट्यात एवढं काय हाय? मान देत्यात, घ्यावा." मी त्याला विचारलं, "भाऊ, तुमच्या शेताच्या बांधाचं भांडण आहे समजा. समोरच्यानं मोजणी करणाऱ्या साहेबाला सकाळी घरी जेवायला बोलावलं. तुम्ही काय म्हणाल?" तो म्हणाला, "आसं कसं चालंल." मग पत्रक घडी करून खिशात घातलं. बांध म्हटलं की सगळ्यांना कळतं. गाल म्हटलं की कळत नाही.

यंदाची यात्रा जवळ आलीय. स्टेज तिथंच बांधतील. ओळ तशीच लागेल. मी या वेळी ओळीत नसेन, समोर असेन, माझ्या साध्या कपड्यांत. जो जो टोपी काखेत घालेल त्याला नाव घेऊन विचारीन, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं: उद्या या शेठच्या विरुद्ध मी तक्रार घेऊन आले, तर डोक्यावर काय असेल? एका डोक्याला विचारीन, दुसऱ्याला विचारीन. ओळ संपेपर्यंत विचारीन. उचलून नेलं तर ठाण्यात विचारीन. आणि कधी त्या ओळीत वर्दी घालून उभी राहिले, तर माझी टोपी डोक्यावरून हलणार नाही, आणि शेजारच्याची हलली तर मी गप्प बसणार नाही.

राहिली दिवटी. कमिटीचा निरोप पुन्हा आलाय. ड्रोन यंदाही आहे. नानांनी निरोप आणणाऱ्याला दुकानात बसवलं, पाणी दिलं, आणि तेच सांगितलं जे आज्यानं न बोलता सांगितलं होतं. आम्ही ती खाली ठेवलीय. अंधार वाटत असेल तर बबनशेठनी आपल्या हातानं धरावी. तेल मनगटावर गळतं, एवढं फक्त ध्यानात ठेवावं.